साडूभाऊ इंटरव्ह्यूला बसतात

आमच्या साडूभाऊंइतके इंटरव्ह्यू उभ्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणी दिले असतील यावर माझा विश्वास नाही. आणि एवढे देऊनही इंटरव्ह्यू म्हणजे नेमकं काय असतं हे ज्याला कळलं नाही, असा माणूस तर पृथ्वीवर दुसरा नसेल. मला कळत नाही याचं विशेष नाही. मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. माझ्या बायकोची धाकटी बहीण नांदेडला दिली, तिचे हे यजमान. सतरा वर्षं झाली, मोबाईलची ॲप बनवतात. आपण काचेवर बोट फिरवतो आणि काहीतरी गुळगुळीत सरकतं, ते सरकावं म्हणून कुठंतरी एक माणूस मान मोडून बसलेला असतो, एवढं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. त्यापुढचं डोक्यावरून गेलं. सीनियर माणूस, हाताखाली माणसं, पगार असा की आमचे सासरे तो आकडा पाहुण्यारावळ्यांत आवाज खाली आणून सांगायचे. असा माणूस पिकल्या केसांनी पुन्हा पुन्हा परीक्षेला बसतो, आणि पुन्हा पुन्हा नापास होतो, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याचं झालं असं. साडूभाऊंची सुरुवातीची सगळी वर्षं बंगळूरच्या एका खोलीत गेली. मेहुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई, भोकर तालुक्यात. तिची नोकरी इथून हलत नव्हती आणि यांची इकडं येत नव्हती, म्हणून संसार फोनवर चालला होता. मग कोरोना आला आणि सगळ्यांना घरी बसून काम करायला सांगितलं. पुढं कंपनी यांना परत बोलवायला विसरली आणि यांनीही आठवण करून दिली नाही. पाच वर्षं साडूभाऊ नांदेडात बायको आणि लेकीबरोबर राहिले. सकाळी बायकोला भोकरच्या बसला सोडायचं, लेकीला शाळेत सोडायचं आणि मग वरच्या खोलीत जाऊन जगाचे मोबाईल सरकवत बसायचं. गेल्या दिवाळीनंतर कंपनीनं त्यांचा अख्खा विभागच बंद केला. आता घरून काम करू देणारी नोकरी मिळाली तर नांदेड, नाही तर पुन्हा बंगळूरची खोली. प्रश्न एवढाच होता आणि घरात तो कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

माणूस आधीपासूनच जरा तऱ्हेवाईक. त्यांच्या कपाटात चपलांच्या खोक्यांमधून जुने मोबाईल ठेवलेले आहेत. काच फुटलेले, पोट फुगलेले, बटणं गेलेले. एकही टाकून देत नाहीत. कुठलंही ॲप बनवलं की ते आधी या म्हाताऱ्यांवर चालवून बघायचं असा त्यांचा नियम. 'हा रेणापूरच्या मामांचा,' असं म्हणत एक हिरवट पडलेला फोन ते मला नेहमी दाखवतात. 'ह्याच्यावर चाललं की मग जगात कुठंबी चालतंय.' दुसऱ्याचा फोन दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. अहमदपूरला माझ्या पुतणीचं लग्न होतं, तेव्हा एका आजोबांचा फोन 'भरला' म्हणून यांनी मोकळा करून दिला. झालं. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्च्या सरकल्या आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी फोन हातात धरून रांगेत बसली. साडूभाऊ एकेकाची शुभ सकाळची फुलं, उगवते सूर्य आणि वाफाळते कप पुसत होते. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर नवरदेवाच्या चुलत्याचा फोन उघडा होता. 'जेवून तर घ्या,' मी म्हटलं. 'झालंच की, एवढे दोन डब्बे राहिलेत,' ते म्हणाले आणि मान वर न करता आपलं काम करत राहिले.

इंटरव्ह्यू सुरू झाले आणि या तऱ्हांना नवी पालवी फुटली. पहिली बुटांची. इंटरव्ह्यू घरातच, लॅपटॉपसमोर. समोरच्याला फक्त छातीपर्यंतचे साडूभाऊ दिसणार. पण बूट घातल्याशिवाय ते बसत नाहीत. 'बिनबुटाचं बोललं की आवाजात दम न्हाई येत, सर.' अख्ख्या लातूरप्रमाणे तेही मला सरच म्हणतात. त्यासाठी त्यांनी काळे चकचकीत बूट आणले, रस्त्याची धूळ त्यांना कधी लागली नाही, आणि ते राहायचे कपाटात, मेहुणीच्या साड्यांशेजारी. एकदा आमच्या सासूबाई नांदेडला आल्या असताना साडूभाऊ पूर्ण पोशाखात, बुटांसकट, देवघरावरून निघाले. सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, कुठं निघालात?' 'कुठं न्हाई मामी, इंटरव्ह्यूला.' 'मग निघा की लवकर, ऊन व्हायलंय.' साडूभाऊ बरं म्हणाले आणि जिना चढून वर गेले. सासूबाई बराच वेळ फाटकाकडं बघत बसल्या होत्या.

दुसरी तऱ्हा जेवणाची. समोरचा माणूस पडद्यावर उगवला की नाव-गाव सांगायच्या आधी हे विचारणार, 'जेवण झालं का?' आपल्याकडं त्यात काही वावगं नाही. दारात आलेल्या माणसाला दुसरं काय विचारतात? पण समोरचा कुठल्या देशात, तिथं पहाट की संध्याकाळ, काही पत्ता नसतो. एक परदेशातला तरुण बिचारा खरं बोलला, म्हणाला, अजून काही खाल्लं नाही. साडूभाऊ म्हणाले, 'मग आधी खाऊन घ्या, मी थांबतो.' आणि थांबले. तो पोरगा गोंधळून उठला, काहीतरी खाऊन परत आला, तोवर निम्मा वेळ गेला होता. पुढं त्यांचं कळवणं आलं की उमेदवार जाणकार आहेत, फक्त वेळेचं नियोजन कमी पडतं.

आणि मग तो प्रश्न. तो सगळीकडंच विचारतात म्हणे: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? साडूभाऊ ताबडतोब सांगतात, 'नांदेडात.' समोरची मुलगी हसते, म्हणते, तसं नाही, म्हणजे कुठल्या जागेवर? 'जागा कोणती बी द्या. गाव नांदेड.' मी त्यांना हजारदा सांगितलं, अहो, तिथं नेतृत्व, जबाबदारी असलं काहीतरी बोलायचं असतं. त्यांना ते पटेना. 'लबाड कशाला बोलायचं? त्यांना माहीत असलेलं बरं, न्हाई तर उद्या ते म्हणतील, आधी सांगायचं होतं.'

एका इंटरव्ह्यूला किती फेऱ्या असाव्यात यालाही काही धरबंध नाही. पहिल्या फेरीत एक मुलगी पगार विचारते. दुसऱ्या फेरीत साडूभाऊंच्या निम्म्या वयाचा पोरगा कोडी घालतो. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. 'सर, आज झाड उलटं करायला लावलं.' मी म्हटलं, कसलं झाड? 'आकड्यांचं असतंय. डावीकडच्या फांद्या उजवीकडं करायच्या, उजवीकडच्या डावीकडं.' मी म्हटलं, मग तुमच्या कामात हे सारखं लागत असेल. 'न्हाई. कधीच न्हाई.' 'सतरा वर्षांत?' 'एक बी झाड न्हाई केलं उलटं.' 'मग विचारतात कशाला?' 'त्यांना बी कुणीतरी विचारलं असंल,' असं साडूभाऊ शेवटी म्हणाले. तिसऱ्या फेरीत चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे, आणि एक कोटी माणसं एकदम आली तर काय कराल ते सांगायचं. चौथ्या फेरीत एक साहेब विचारतात, तुमचं कामावर कुणाशी भांडण झालं तेव्हा तुम्ही काय केलं? साडूभाऊ म्हणतात, 'भांडणच न्हाई झालं.' मग साहेब नाराज. एका ठिकाणी अशा सगळ्या फेऱ्या पार पडल्यावर कळवण्यात आलं की ती जागाच आता राहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागेची जाहिरात पुन्हा आली. साडूभाऊंनी तिथं पुन्हा अर्ज केला आणि पहिल्या फेरीच्या त्याच मुलीनं त्यांना पुन्हा पहिल्यापासून नाव विचारलं.

हे सगळं बघून माझ्यातला मास्तर जागा झाला. परीक्षा म्हटली की आम्हा लातूरकरांना स्वस्थ बसवत नाही. मी साडूभाऊंना पंधरवडाभर आमच्याकडं बोलावून घेतलं. वरची खोली दिली. त्यांच्या धंद्यातले प्रश्न त्यांच्याकडूनच काढून घेतले, त्यांची उत्तरं त्यांच्याकडूनच लिहून घेतली, आणि सकाळ-संध्याकाळ सराव परीक्षा सुरू केल्या. घड्याळ लावून. चुकलं की ते उत्तर पुन्हा पुन्हा लिहायचं. प्रश्नांमधला एक शब्द मला कळत नव्हता, पण तपासायला त्यामुळं काही अडलं नाही. हळूहळू साडूभाऊ असे तयार झाले की मी प्रश्न निम्मा वाचला की ते उत्तर संपवून पाणी प्यायचे. बायको म्हणाली, 'अहो, त्यांना जरा श्वास तर घेऊ द्या.' मी म्हटलं, श्वास निकालानंतर.

इंटरव्ह्यू माझ्याच घरातून झाला. समोरचे साहेब प्रश्न सुरू करायचे आणि साडूभाऊ आढ्याकडं नजर लावून धाडधाड उत्तर म्हणायचे, आमची पोरं म्हणतात तसं. चार-पाच प्रश्नांनंतर साहेब थबकले. म्हणाले, जरा कॅमेरा फिरवून खोली दाखवता का? साडूभाऊंनी लॅपटॉप उचलून भाविकपणे सगळी खोली दाखवली. पलंग, पंखा, भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता, आणि तक्त्याखाली घड्याळ हातात घेऊन उभा असलेला मी. साहेबांनी विचारलं, 'हे कोण?' 'आमचे साडू.' 'ते इथं काय करतायत?' 'सुपरविजन,' साडूभाऊ म्हणाले. पडदा काळा झाला. बाहेरून मदत घेतल्याचा शेरा आला. मी आजही विचारतो, परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक असू नये हा कुठला न्याय? आमच्याकडं तो नसला तर पालक भांडायला येतात.

साडूभाऊ माझ्यावर रागावले नाहीत. बूट खोक्यात घालून नांदेडला परत गेले. आणि त्याच आठवड्यात बंगळूरच्या एका कंपनीनं त्यांना घेतलं. पगार भरपूर, पण रोज ऑफिसला यावं लागेल, आणि होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं. घरून काम करू देणारी आता एकच कंपनी उरली होती. तिचा शेवटचा इंटरव्ह्यू शनिवारी दुपारी. बायकोनं धपाटे बांधून दिले आणि मला नांदेडला पिटाळलं. 'खोलीत मात्र जाऊ नका,' असं फाटकापर्यंत येऊन बजावलं.

घरात शिरलो तर भिंतीशी मोठी बॅग उभी होती. माळ्यावरून काढून, ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेली. कपडे अजून भरले नव्हते. दहावीच्या परीक्षेला बसलेली पोरगी त्या बॅगेवरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिच्याकडं न बघता गेली. मी आणि मेहुणी स्वयंपाकघरात हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. त्या दिवशी वरच्या खोलीत नेट येईना, म्हणून साडूभाऊ शेजारच्या खोलीत बसले होते. वायर दारातून आत नेलेली, त्यामुळं दार पुरतं लागत नव्हतं आणि सगळं ऐकू येत होतं. बोलणं इंग्रजीत, मधूनमधून हिंदीत. मी आपल्या भाषेत सांगतो.

समोर एक वयस्क आवाजाच्या बाई होत्या. त्यांना जेवण झालं का हे विचारून झालं. झालं होतं. मग त्या म्हणाल्या, 'राग मानू नका, पण हल्ली लोक मशीनला विचारून पडद्यावरची उत्तरं वाचतात. तुम्ही डोळे मिटून बोलाल का?' असं कुणी माणसाला सांगतं का? पण साडूभाऊ 'बरं' म्हणाले. 'तुमच्या कामातली सगळ्यात अवघड चूक कोणती, जी शोधायला तुम्हाला जड गेलं?'

याचं उत्तर आम्ही लातूरला पाठ केलेलं होतं, मला माहीत होतं. पण साडूभाऊंनी ते म्हटलं नाही.

ते म्हणाले, 'डॉक्टर आणि पेशंटनं एकमेकांना बघून बोलावं असं एक ॲप आम्ही करत होतो. मी बंगळूरला. संध्याकाळी घरी फोन करायचा तर मी त्याच ॲपवरून करायचो, म्हणजे तपासणीबी होती. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत. बायको रेंजसाठी घरातून गच्चीवर जायची. फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर गेला की आवाज नवी वाट शोधायचा आणि चित्र जुन्या वाटेवर उभं राहायचं. तिकडं माझा चेहरा थांबलेला, आणि आवाज चालू. मुलगी म्हणायची, पप्पा तोंड हलवत नाहीत, पप्पा रागावले. मी सांगायचो, नाही रागावलो बाळा. पण तोंड तर हलत नव्हतं. ऑफिसात म्हणाले, असले फोन फार थोड्या लोकांकडं आहेत, सोडून द्या. मी बायकोचा तो फोन मागवून घेतला, तिला दुसरा दिला, आणि सुट्टीच्या दिवशी जिन्यात वर-खाली करत बसलो. खूप दिवस लागले. सापडलं.'

'मग? सुटलं ना?' बाई म्हणाल्या.

'चित्र सुटलं. पण तोवर तिनं फोनवर यायचं बंद केलं होतं. आई म्हणायची, ये, पप्पा आहेत. ती म्हणायची, तू बोल. म्हणून ते काम पूर्ण झालं असं मी कुठं लिहीत नाही.'

मेहुणीचे हात थांबले होते. फोन कशाला मागवून घेतला होता, हे तिला आज कळलं होतं. मी घाटे सोलत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना. बाई पलीकडून हळू आवाजात आणखी काही विचारत होत्या, हे उत्तर देत होते, मग आभार, मग 'कळवतो'. बराच वेळ गेला तरी साडूभाऊ बाहेर येईनात. मेहुणीनं दार ढकललं. बूट, इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, आणि डोळे घट्ट मिटलेले.

'उघडा की आता,' ती म्हणाली.

'गेल्या का बाई?'

'कवाच गेल्या.'

त्यांनी डोळे उघडले. मेहुणी दारातच उभी होती. 'बंगळूरला न्हाई म्हणून कळवून टाका,' ती म्हणाली.

'अन् हे बी न्हाई झालं तर?'

'तर बघू. माझा पगार हाय.' एवढं बोलून ती घाटे सोलायला परत आली आणि मग तिला एकही घाटा दिसेना. मी चष्मा पुसत बसलो.

साडूभाऊंनी सोमवारी बंगळूरला नकार कळवला आणि बॅग माळ्यावर टाकली. त्याच आठवड्यात त्या बाईंचं पत्र आलं. नोकरी मिळाली होती, घरूनच. पुढं त्या बाईंनी त्यांना का घेतलं, हे साडूभाऊंना विचारलं तर म्हणाले, 'काय की. झाड काही उलटं करायला न्हाई लावलं बगा.'

पोरीची परीक्षा संपल्यावर मी पेढे खायला म्हणून गेलो. साडूभाऊ हवेत होते. आता अकरावीला रोज संध्याकाळी लेकीला गणितं सोडवून द्यायची, तिच्याशी वाद घालायचा, पाच वर्षांनी काय, दहा वर्षांनीही आपण इथंच, असं सगळं सांगत होते. पोरगी मला पाणी द्यायला आली आणि खाली वाकून म्हणाली, 'काका, अकरावीला मी तुमच्याकडं येते. मावशीला विचारलंय. मम्मी हाव म्हणाली. पप्पांना तुम्ही सांगा ना.'

किती आईबापांना मी खुर्चीत टेकून सांगितलं आहे, लेकरू लातूरला पाठवा, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. तेच वाक्य आता तोंडातून निघेना. चहा झाला, पेढे झाले, इकडतिकडच्या गप्पा झाल्या. साडूभाऊ मला स्कूटरवर बसस्टँडला सोडायला आले. अहमदपूरमार्गे लातूर लागली होती. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि एकदाचं सांगून टाकलं.

ते बसच्या पाटीकडं बघत राहिले. 'तिनंच ठरवलं?'

'तिनंच. हुशार आहे पोरगी, आणि घरचंच आहे, काळजी...' मी म्हणालो. माझ्या घरात ती येणार याचा मला आनंद होता आणि या माणसाकडं बघवत नव्हतं. दोन्ही एकदम होतं.

'तुमच्याकडंच असणार म्हणल्यावर काळजी न्हाई,' ते म्हणाले. 'कधी जायचं म्हणायली?'

'जूनमध्ये.'

कंडक्टरनं घंटी मारली. साडूभाऊंनी माझी पिशवी वर दिली, खिडकीशी आले, गजाला हात लावून बसबरोबर दोन पावलं चालले.

'म्हंजे हाय की मग,' ते म्हणाले, 'उन्हाळा हाय की अजून सगळा.'